दुकानातली फळी आणि आपला लेखक

पुस्तक छापले म्हणजे ते प्रकाशित झाले, असा समज आपल्या लिहित्या तरुणांत रूढ आहे. छापणे आणि प्रकाशात आणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली पैशाने होते. दुसरीला यंत्रणा लागते, आणि ती यंत्रणा कोणाच्या हातात आहे हा प्रश्न जितका वाङ्मयीन तितकाच सामाजिक आहे. या यंत्रणेच्या एका लहान पण निर्णायक भागाविषयी मला येथे लिहायचे आहे. तो भाग म्हणजे पुस्तकाच्या दुकानातील फळी. पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्या लेखकाला या फळीवर जागा का मिळत नाही, मिळाली तर ती टिकत का नाही, आणि आपल्याला काय करता येईल, एवढाच माझा विषय आहे.

१. पदरमोडीचा वारसा

‘पुस्तक मीच काढले’ हे सांगताना आपले अनेक लेखक ओशाळतात. प्रकाशकाने नाकारल्याची कबुली त्यात दडली आहे असे त्यांना वाटते. आपला इतिहास पाहिला तर ओशाळण्याचे काही कारण उरत नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते नापसंत केले. ही हकीकत पुढे त्यांनीच ‘गुलामगिरी’त नोंदवून ठेवली आहे. ते नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षे एक नाटक वाचकापासून दूर राहिले. त्या नापसंतीनंतर जोतीराव लिहायचे थांबले नाहीत. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली ती कोणा कमिटीच्या पसंतीची वाट न पाहता.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले तेव्हा पैसे मोजूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपले न झालेले अध्यक्षीय भाषण स्वतः छापले. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या त्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ते भाषण श्रोत्यांपर्यंत पोहोचू न देण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या हातून वाचकांपर्यंतची वाट मात्र अडवली गेली नाही.

१९६० नंतरच्या अनियतकालिकांनी, दलित लेखकांनी चालवलेल्या नियतकालिकांनी हीच वाट धरली. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ ‘ग्रंथाली’ने काढले. ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ होती. आधी वाचक संघटित करावा आणि मग पुस्तक काढावे, ही तिची रीत. तिकडे अमेरिकेत डेट्रॉइटला १९६५ साली ‘ब्रॉडसाइड प्रेस’ आणि शिकागोला १९६७ साली ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ कृष्णवर्णीय कवींनीच उभ्या केल्या. गोऱ्यांच्या प्रकाशनगृहांनी दार उघडण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. दोन्हीकडे कारण एकच होते: ज्यांच्याविषयी इतरांनी लिहिले होते, ते आता स्वतः लिहू लागले होते.

२. फळीचा हिशेब

आज छपाई सोपी झाली आहे. संगणकावर अक्षरजुळणी होते, शंभर प्रतीही काढता येतात, आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो. पूर्वी लेखकाला प्रकाशकाच्या टेबलापाशी अडवले जाई. आता तो तेथून सुटला आहे, आणि अडवणूक दुकानाच्या फळीपाशी सरकली आहे.

दुकानदार पुस्तक दोन प्रकारे घेतो. एक, खरेदी करून. दुसरा प्रकार ठेवून घेण्याचा: विकले तर पैसे, न विकले तर प्रती परत. नव्या लेखकाच्या वाट्याला बहुधा दुसराच प्रकार येतो. दुकानदाराचे कमिशन साधारणपणे छापील किमतीच्या तीस-चाळीस टक्के असते. मध्ये वितरक आला की ते निम्म्यापर्यंत जाते. उदाहरण घेऊ. समजा, कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती काढल्या, प्रत्येक प्रतीला साठ रुपये खर्च आला आणि किंमत दीडशे ठेवली. एकूण खर्च तीस हजार. वितरकाने पन्नास टक्के कापले की लेखकाच्या हाती प्रत्येक प्रतीमागे पंचाहत्तर रुपये येतात. म्हणजे चारशे प्रती विकल्या जातील तेव्हा कोठे घातलेले पैसे परत येणार. पार्सलचा खर्च, भेट दिलेल्या प्रती, मळून परत आलेल्या प्रती यात धरलेल्याच नाहीत.

दुसरी अडचण हिशेबाची. मोठ्या प्रकाशकाची दोनशे पुस्तके दुकानात असली तरी खाते एकच असते. एक बिल, एक वसुली, परत पाठवायचा माल एकाच गाडीने. एका पुस्तकाच्या लेखकासाठीही वेगळे खाते, वेगळी पावती, वेगळी आठवण ठेवावी लागते. दहा प्रतींसाठी एवढा व्याप करायला दुकानदार तयार नसतो. माझ्या एका मित्राने आपल्या कथासंग्रहाच्या दहा प्रती शहरातील एका दुकानात ठेवल्या. पाच महिन्यांनी चौकशी केली तेव्हा नऊ प्रती खालच्या कप्प्यातून निघाल्या, आणि दहावीचे काय झाले ते कोणालाच सांगता आले नाही. तेथे जाण्यायेण्याचे त्याचे गाडीभाडे त्या प्रतीच्या किमतीहून जास्त झाले होते.

तिसरी अडचण दिसण्याची. फळीवर पुस्तक उभे राहते तेव्हा गिऱ्हाइकाला त्याचा फक्त कणा दिसतो. आपल्याकडची कितीतरी पुस्तके साठ-सत्तर पानांची, पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो. दोन जाड ग्रंथांच्या मध्ये अशी पुस्तिका गेली की ती हरवल्यात जमा. दर्शनी टेबलावर, मुखपृष्ठ वर करून ठेवलेली जागा थोडी आणि तिचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. ज्या पुस्तकाला रोज कोणी मागायला येते त्यालाच ती मिळते.

येथवरचे सारे व्यापाराचे गणित आहे, आणि त्यासाठी दुकानदाराला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. त्याला जागेचे भाडे द्यायचे असते. त्याचा खरा धंदा पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांवर चालतो. मुंबईच्या फोर्टमधील ‘स्ट्रँड’सारखे नावाजलेले दुकान २०१८ साली बंद पडले, तेथे लहान दुकानदाराची काय कथा. परंतु पुस्तकाला ‘मागणी’ कोठून येते, हे विचारले की गणिताच्या खाली दबलेली समाजरचना दिसू लागते. मागणी परीक्षणातून येते, पुरस्कारातून येते, अभ्यासक्रमातून, व्याख्यानमालेतून, ओळखीतून येते. ही सारी ठिकाणे पिढ्यान्‌पिढ्या कोणाची आहेत? पहिल्याच पिढीत पदवी मिळवणाऱ्याचा चुलता संपादक नसतो, मावशी ग्रंथपाल नसते. त्याचे पुस्तक दुकानात एकटेच जाते. शिवाय पुष्कळ दुकानांत ‘दलित साहित्य’ असा एक कप्पा ठरलेला असतो. त्यात चार गाजलेली आत्मकथने कायमची बसली आहेत. नव्या लेखकाने मासेमारीवर लिहावे, विज्ञानावर लिहावे, प्रेमकविता लिहावी. आडनाव पाहून पुस्तक त्याच कप्प्यात जाते आणि जागेसाठी त्याला आपल्याच थोर पूर्वसुरींशी झगडावे लागते.

३. घोलवडहून पाहताना

मी ज्या भागात राहतो तेथून हा प्रश्न अधिक उघडा दिसतो. मुंबईची लोकल १६ एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. घोलवड त्याच्या पुढचे स्टेशन. लोकल आमच्या अलीकडे थांबते, तसाच मराठी पुस्तकव्यवहारही. आसपास वह्या-पुस्तकांची, गाइडांची दुकाने आहेत. कविता किंवा वैचारिक पुस्तक मागितले तर ‘मुंबईहून मागवावे लागेल’ असे उत्तर येते.

येथले बागायतदार ‘ठेवून घेण्या’चा व्यवहार चांगला ओळखतात. माल आपला, भाव दुसऱ्याचा, आणि पट्टी येईल तेव्हा हिशेब. पण डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोठल्या मातीत पिकला हे सांगण्याचा अधिकार फळाला मिळाला. त्याच मातीत वाढलेल्या माणसाच्या पुस्तकाला तो अजून मिळायचा आहे.

या भागाविषयी मराठीत लिहिलेच गेले नाही असे नाही. १९४५ साली तलासरीतील झरी येथे परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. गोदावरी परुळेकरांनी तो लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यावरही लिहिले गेले. ही पुस्तके मोलाची आहेत. ज्यांनी ती लिहिली त्यांनी येथे आयुष्य वेचले. परंतु ज्यांच्याविषयी ती आहेत त्यांची मुले-नातवंडे आज महाविद्यालयात आहेत आणि स्वतः लिहीत आहेत. काही जण वारलीत, काही जण मराठीत.

येथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगाच्या कलादालनांत नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली आकृती कपांवर, पिशव्यांवर, साड्यांवर छापून शहरांतील मोठ्या दुकानांत विकली जाते. तिला दर्शनी जागा मिळते. वारली तरुणाने आपल्या पैशाने काढलेल्या कवितासंग्रहाला मात्र त्याच शहरात एक वीतभर फळी मिळत नाही. शोभेला जागा आहे आणि शब्दाला नाही. चित्र भिंतीवर मुकाट राहते असे विकत घेणाऱ्याला वाटते. पुस्तक जमिनीविषयी, जंगलाविषयी, मजुरीविषयी बोलेल ही भीती असते.

४. आपली फळी

आपल्या समाजाने या व्यवस्थेला एक उत्तर दिलेले आहे आणि ते दुकानाबाहेर आहे. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला, २० मार्चला महाडला जमिनीवर चादर अंथरली जाते आणि पुस्तके मांडली जातात. चादर हीच फळी. पुस्तक उभे नसते, आडवे असते. कणा नसलेल्या पुस्तिकेचेही मुखपृष्ठ दिसते. लेखक स्वतः बसलेला असतो. वाचक रात्रभर प्रवास करून आलेला असतो आणि परतीच्या भाड्यातून वाचवलेल्या पैशांनी पुस्तक घेतो. एवढी निष्ठा कोणत्या प्रकाशनगृहाच्या वाचकाने दाखवली आहे?

पण या फळीच्या मर्यादाही आपण ओळखल्या पाहिजेत. ती वर्षातून मोजके दिवस असते. तेथे बाबासाहेबांचे ग्रंथ, चरित्रे आणि बुद्धविचाराची पुस्तके आधी घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. नव्या कवीपर्यंत हात पोहोचेपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. शिवाय ती फळी आपल्यालाच आपले दाखवते. विरोधकाच्या, उदासीन माणसाच्या, चुकून दुकानात शिरलेल्या विद्यार्थ्याच्या हाती आपले पुस्तक पडावे, यासाठी दुकान आणि ग्रंथालय सोडून चालणार नाही.

५. काय करता येईल

पहिले, लेखकांनी एकेकटे जाणे सोडावे. दहा-बारा लेखकांनी एक नाव, एक बिलबुक, एक हिशेबनीस ठेवला की दुकानदारासाठी ते एक खाते होते. ठेवलेल्या प्रतींची सहीशिक्क्याची पावती घ्यावी, हिशेबाची तारीख लिहून घ्यावी. पुस्तकाला कणा येईल एवढी पाने नसतील तर दोघांनी मिळून एक पुस्तक काढावे.

दुसरे, ग्रंथालये. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. ग्रंथालय संचालनालयाच्या यादीसाठी पुस्तक पाठवण्याचे कष्ट स्वतः घेणारा लेखक विरळा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. चार प्रती फुकट गेल्या असे वाटते. पण दुकानातून पुस्तक उठल्यावर आपण लिहिले होते याचा पुरावा तेथेच उरतो. ‘तृतीय रत्न’ सव्वाशे वर्षे वाचकाला दिसले नाही हे आपण विसरू नये.

तिसरे, टपाल. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. तिचे दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून सुरू होतात. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असले पाहिजे, एवढे पाहावे. दीडशे रुपयांचे पुस्तक पाड्यावरून थेट वाचकाला पाठवले तर निम्मी किंमत वितरकाला द्यावी लागत नाही.

चौथे आमच्यासाठी, शिक्षकांसाठी. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात खरेदी होते ती तीन दरपत्रके मागवून. पुरवठादार ज्यावर जास्त सवलत मिळते ती पुस्तके पुढे करतो. पण त्याआधी विभागप्रमुखाच्या सहीने शिफारस-यादी जाते. ती यादी आपल्यापैकी अनेकजण गेल्या वर्षीची पाहून भरतात. त्या कागदावर कोणाचे नाव लिहायचे हे ठरवण्याचा अधिकार आपल्या घराण्यात आपल्यालाच प्रथम मिळाला आहे. या जूनमध्ये ती यादी भरताना आपल्या तालुक्यातील निदान पाच लेखकांची नावे, ग्रंथक्रमांक आणि पत्त्यासह, तीत लिहावीत; आणि त्यांतील एकाचे तरी परीक्षण दिवाळीच्या आत लिहून अशा त्रैमासिकांकडे पाठवावे. मागणी अशीच तयार होते. इतरांची मागणीही अशीच तयार झाली आहे.