पायांनी कमावलेला हंगाम

एप्रिल सरत आला की टोरोंटोच्या आसपासच्या बऱ्याच रिंकमधला बर्फ उतरवतात आणि खालचं काँक्रीट उघडं पडतं. ब्रॅम्प्टनमधल्या अशाच एका रिंकवर मे ते सप्टेंबर आमची हौशी बॉल हॉकीची लीग चालते. नोकरी, घर आणि पोरांच्या शाळा सांभाळून आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवणारी ही मंडळी आहेत. कुणी ट्रक चालवतं, कुणी दातांचे डॉक्टर आहेत, कुणी रुग्णालयातली रात्रपाळी संपवून आलेली नर्स आहे. यंदाचा हंगाम नुकताच संपला. गुणतक्ता चार दिवसांत विसरला जाईल, पण काही खेळी अशा झाल्या की त्या लिहून ठेवायलाच हव्यात.

निवडीची कसोटी आधी सांगतो. बॉल हॉकी म्हणजे बर्फ नसलेल्या महिन्यांत वेळ काढायचा खेळ, असं कॅनडातही पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. बर्फावरचा पक म्हणजे सुमारे 170 ग्रॅमची घट्ट रबरी चकती, ती घसरते. आमचा नारिंगी चेंडू टेनिसच्या चेंडूएवढा, प्लास्टिकचा आणि आतून पोकळ. तो घरंगळतो, उसळतो, फिरकी घेतो. स्केट्सवर दोन ढांगा टाकल्या की शरीर पुढे वाहत जातं. इथे पाय थांबले की माणूस थांबला. पूर्ण आकाराचा रिंक 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद असतो, आणि त्यातला प्रत्येक मीटर धावूनच कापावा लागतो. म्हणून जी खेळी बर्फावर झालीच नसती, किंवा झाली असती तरी अशी झाली नसती, तीच मी इथे घेतली आहे.

पहिली मानाची खेळी मे महिन्यातली, आमच्या संघातल्या पुणेकराची. तो लहानपणापासून खडकीत मैदानी हॉकी खेळलेला. धनराज पिल्ले ज्या खडकीतून वर आले, तीच खडकी. मैदानी हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरायची, म्हणून आपल्याकडची पोरं मनगट उलटंसुलटं फिरवून चेंडू डावी-उजवीकडे खेचायला शिकतात. आइस हॉकीच्या स्टिकचं पातं दोन्ही बाजूंनी चालतं, त्यामुळे कॅनडात वाढलेल्या खेळाडूला मनगट एवढं उलटवायची गरजच पडत नाही. तो पात्याच्या मागच्या बाजूने, बॅकहँडने, चेंडू ढकलतो. समोरचा बचावपटूही तेवढंच ओळखून उभा असतो.

त्या संध्याकाळी हवा गार होती. गारठ्यात चेंडू टणक होतो आणि पात्यावर नीट बसत नाही. पुणेकर उजव्या बगलेने आला. बचावपटूने बॅकहँडची वाट अडवायला वजन एका पायावर टाकलं. त्याच क्षणी पुणेकराने मनगट वळवलं, पातं चेंडूवरून पलीकडे नेलं आणि टोकाने चेंडू आत ओढला. सगळी हालचाल हातभर जागेत झाली. वजन टाकलेला पाय उचलून पुन्हा टेकवेपर्यंत बचावपटू मागे पडला होता. गोलकीपर पुढे आली, तिच्या दोन पॅडमधली फट क्षणभर उघडी राहिली आणि चेंडू तिथूनच जमिनीलगत आत गेला. प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावरूनही फळ्यांवर स्टिका आपटल्याचा आवाज आला. दाद द्यायची इथली रीत तीच. पुढचे दोन आठवडे सरावाच्या वेळी अर्धी लीग मनगट उलटवत होती.

जूनमधली खेळी कळायला एक नियम माहीत हवा. आइस हॉकीत हल्ला करणाऱ्यांनी निळ्या रेषेच्या आत राहायचं. पक बाहेर गेला की सगळ्यांनी बाहेर येऊन नव्याने आत शिरायचं. बॉल हॉकीत चेंडू एकदा निळ्या रेषेच्या आत गेला की हल्ल्याचं क्षेत्र मागे पार लाल मध्यरेषेपर्यंत वाढतं. याला फ्लोटिंग ब्लू लाइन म्हणतात. बचाव करणाऱ्यांना चेंडू मध्यरेषेपलीकडे काढल्याशिवाय सुटका नाही. त्यामुळे जागा मोकळी होते, पण तेवढंच धावणंही वाढतं, आणि मध्यरेषेवर उभा असलेला खेळाडू सोन्याच्या मोलाचा ठरतो.

आमच्याकडे तिथे ती नर्स उभी असते. क्यूबेकमध्ये वाढलेली, बोलायला शांत, खेळायला चिवट. जूनच्या त्या सामन्यात बचावपटूने फळीलगत चेंडू उंच उडवून दिला. तो मध्यरेषा ओलांडणार एवढ्यात तिने उघड्या तळहाताने त्याला हवेतच खाली दाबलं. उघड्या हाताने चेंडू खाली पाडायला परवानगी आहे, मुठीत धरायला नाही. खरं कसब त्यानंतरचं. पोकळ चेंडू काँक्रीटवर पडला की दोनतीन टप्पे घेतो आणि नवखा खेळाडू घाईने पहिल्याच टप्प्यावर स्टिक घालतो. तिने पातं तिरकं धरून टप्पा मरू दिला. दोन जण अंगावर येईपर्यंत ती थांबली आणि मग त्या दोघांच्या मधून आडवा पास दिला. गोल दुसऱ्याच्या नावावर लागला. माझ्या लेखी तो तिचा होता.

तो तळहात पाहून बाकावर एकच नाव निघालं, अलेक्झांडर बरोज. हाही क्यूबेकचा. कॅनडाच्या बॉल हॉकी संघातून विश्वविजेता झालेला आणि एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला. खालच्या लीगमधून धडपडत तो व्हँकुव्हर कनक्समध्ये पोचला. 2011 च्या प्लेऑफमध्ये शिकागोविरुद्ध सातव्या सामन्यात जादा वेळ चालू असताना शिकागोच्या बचावपटूने बाहेर काढलेला पक त्याने हवेतच हाताने पाडला आणि पुढच्याच क्षणी जाळ्यात मारला. व्हँकुव्हरमध्ये तो गोल आजही सांगतात. तो पाहताना मला नेहमी वाटतं, हवेतल्या वस्तूवर असा झडप घालणारा हात बॉल हॉकीतच तयार झाला असणार.

जुलैत रिंकमध्ये हवा कोंडते. दमट संध्याकाळी काँक्रीटला घाम फुटतो आणि बूट सटकतात. उकाड्याने चेंडूही मऊ पडतो. अशाच एका सामन्यात आमचे दोन खेळाडू एकामागोमाग दोन-दोन मिनिटांसाठी शिक्षेच्या बाकावर गेले आणि पाचांसमोर तिघे उरले. त्या तिघांत आमचे पाजी होते. दिवसभर हायवेवर ट्रक चालवून आलेला, पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस. त्यांनी पहिला शॉट पोटरीवर घेतला, दुसरा बरगडीवर. तिसऱ्या वेळी ते गुडघ्यावर बसले, स्टिक जमिनीवर आडवी टाकून पासाची वाट बंद केली आणि चेंडू पात्याला लागताच उठून कोपऱ्याकडे पळाले. तिथे फळीला पाठ लावून त्यांनी चेंडू दोन पावलांत अडकवून धरला. दोघे जण मागून टोचत होते आणि पाजी पावलाने, पात्याने, पुन्हा पावलाने चेंडू हलवत राहिले. घड्याळ पळत होतं. शेवटी चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला तेव्हा आमचा पहिला खेळाडू शिक्षा संपवून मैदानात उतरत होता.

या सगळ्या वेळात बाकावरची पंजाबी पोरं जोरजोरात समालोचन करत होती. इथल्या पोरांच्या कानांत ते घरातूनच बसलेलं असतं. हॉकी नाइट इन कॅनडाचं पंजाबी प्रक्षेपण 2008 मध्ये सुरू झालं आणि 2016 च्या स्टॅनली कप फायनलमध्ये निक बोनिनोच्या गोलवर हरनारायण सिंग यांनी त्याच्या नावाचा जो गजर केला, तो पंजाबी न येणाऱ्या घरांतही पोचला. त्या संध्याकाळी तो गजर पाजींच्या नावाने झाला. गोल कुणीच केला नव्हता, वाचवला होता. हौशी लीगमध्ये शॉट अंगावर घेणाऱ्यासाठी एवढा आरडाओरडा मी क्वचितच ऐकला आहे.

ऑगस्टमध्ये मान गोलकीपरचा. पुणेकराचा गोल जिच्या पॅडमधून गेला होता, तीच. बर्फावरचा गोलकीपर गुडघे टेकून या खांबापासून त्या खांबापर्यंत घसरत जातो. काँक्रीटवर पॅड घसरत नाही, अडकतो. म्हणजे 1.83 मीटर रुंदीचा गोल तिला पायांवर राहूनच सांभाळायचा. शिवाय लांबून मारलेला पोकळ चेंडू हवेत अचानक खाली बसतो आणि टप्प्यावर कुठेही वळतो.

तो चेंडू डाव्या वर्तुळातून आडवा गेला. सगळा गोल तिच्या उजव्या हाताला उघडा पडला. घसरणं शक्य नव्हतं, पाऊल टाकायला वेळ नव्हता. तिने पाय जागेवरच ठेवले आणि कमरेतून स्वतःला आडवं झोकून दिलं. स्टिकचा रुंद भाग जमिनीवर सपाट आणि त्याच्या मागे ब्लॉकर. चेंडू ब्लॉकरला लागून वर उडाला, आडव्या दांडीला थटला आणि तिच्या पाठीवर पडला. ती हलली नाही. हलली असती तर चेंडू आत गेला असता. पंचांनी शिट्टी वाजवेपर्यंत ती तशीच पडून होती. पडल्यावर न हलण्याचं भान, हाच मला त्या वाचवणुकीतला सर्वांत मोठा भाग वाटतो.

त्याच महिन्यात हिरव्या संघातल्या एका कॉलेजातल्या पोराने गोलच्या मागून चेंडू पात्यावर उचलून वरच्या कोपऱ्यात ठेवायचा प्रयत्न केला. मिशिगन विद्यापीठाच्या माइक लेगने 1996 मध्ये हे करून दाखवलं आणि 2019 मध्ये आंद्रे स्वेच्निकोव्हने एनएचएलमध्ये असा पहिला गोल केला. आमच्या पोराचा चेंडू खांबाला लागून बाहेर आला. तरी धावता धावता गोल चेंडू पात्याच्या वळणात धरून ठेवणं हे सोपं काम नाही, म्हणून त्याचीही नोंद.

आता सप्टेंबरचा अंतिम सामना. हंगामातली सर्वोत्तम खेळी माझ्या मते याच सामन्यात झाली आणि ती आमच्याविरुद्ध झाली. बरोबरी होती, शेवटची काही मिनिटं उरली होती. आमच्या सर्वांत वेगवान पोरीने मध्यरेषेजवळ चेंडू चोरला आणि ती एकटी गोलकडे सुटली. निळ्या संघाचे काका तेव्हा चुकीच्या बाजूला, आमच्या गोलजवळ होते. केस पिकलेले, लीगमधल्या लहानथोरांचे काका. वळून पळायला लागले तेव्हा ते निदान पंधरा पावलं मागे होते.

त्यांच्या धावण्याची दिशा पाहण्यासारखी होती. नवखा बचावपटू चेंडूच्या मागे पळतो आणि मागेच राहतो. काका चेंडूकडे पळालेच नाहीत. ती शॉटसाठी जिथे वळणार होती, तिथे म्हणजे जवळच्या खांबाकडे त्यांनी रोख धरला. चेंडू सांभाळत धावणाऱ्याचा वेग थोडा कमी होतोच. चेंडू घरंगळत पुढे जातो आणि दर चारपाच पावलांनी त्याला आवरावं लागतं. त्या प्रत्येक आवरण्यात काकांनी एक पाऊल भरून काढलं. तिने स्टिक मागे नेली, तेव्हा त्यांचं पातं तिच्या दांड्याखाली आलं आणि त्यांनी ती स्टिक जेमतेम वीतभर वर उचलली. अंगाला धक्का नाही, हाताला फटका नाही. चेंडू तिच्या पावलांसमोर मोकळा राहिला. काकांनी तो गोळा केला आणि मान वर करून लांब पास दिला. आमचे सगळे पुढे गेलेले. तिकडे गोल झाला आणि चषक निळ्यांकडे गेला.

हस्तांदोलनाच्या रांगेत आमच्या त्या पोरीने काकांना विचारलं, "तुम्ही आलात कुठून?" ते म्हणाले, "मागून. नेहमी मागूनच येतो."

या खेळीला पहिला क्रमांक देताना माझ्या मनात शंका नाही. काका आमच्यातल्या कुणाहूनही वेगवान नाहीत. चेंडू हातचा गेल्यावर आमच्यापैकी बहुतेक जण दोन पावलं टाकून सोडून देतात. ते सोडून देत नाहीत. या खेळात घसरत पुढे जाण्याची सवलत कुणालाच नाही, म्हणून तो निश्चयच त्यांना त्या खांबापर्यंत घेऊन गेला.

बॉल हॉकीची पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा 1996 मध्ये ब्रातिस्लाव्हात झाली. पुढे 2013 मध्ये ती कॅनडातच, सेंट जॉन्सला भरली आणि स्लोव्हाकियाने जिंकली. हॉकी रक्तात असलेल्या देशाला या खेळात दुसरे लोक हरवू शकतात, कारण हा खेळ वेगळा आहे आणि त्याचा अभ्यासही वेगळा करावा लागतो. टोरोंटोत रस्त्यावर हॉकी खेळण्यावरची बंदीसुद्धा महापालिकेने 2016 मध्ये उठवली. गल्लीत चेंडूमागे धावणारी पोरं आता उघडपणे धावतात, आणि त्यांतलीच काही उद्या आमच्या लीगमध्ये येतील.

पुढच्या मे महिन्यात नवे खेळाडू आले की पहिल्या सरावाला त्यांच्याकडून शॉट मारून घ्यायचे नाहीत, आधी मागे पळायला शिकवायचं, असं आम्ही ठरवलं आहे. शिकवायला काका यायला तयार आहेत.