कार्तिकांतील कोंकणचा प्रवास : सात दिवसांचा बेत

पावसाळा ओसरून आकाश निवळलें म्हणजे आमच्याकडील शेतकऱ्याचें मन दोन दिशांस ओढूं लागतें. एकीकडे कपाशीचीं बोंडें फुटूं लागलेलीं असतात, सोयाबीनचे पैसे हातीं यावयाचे असतात. दुसरीकडे घरांतील मुलेंमाणसें 'एकदां समुद्र दाखवा' म्हणून पाठीस लागलेलीं असतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी आतां स्वतःच्या मोटारीनें कोंकणांत जाऊं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जाणारा बहुधा दिवाळीच्या गर्दींत घाईनें निघतो, रात्रभर गाडी हांकतो, दोन दिवस वाळूंत काढतो व दमून परत येतो. आणि इकडे पेरणीची ओल उडून गेलेली असते. सात दिवस शेत सोडावयाचें तर ते कोणते सात दिवस, ह्याचा विचार प्रथम व्हावा, मुक्कामाचा व भाड्याचा मागाहून, असें आमचें मत आहे.

रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते, कोरडवाहू हरभरा तिच्या पाठोपाठ. ह्या दिवसांत वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून ऑक्टोबरांत घर सोडण्याचा विचारच करूं नये. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत अतिवृष्टि होऊन शेतें पाण्याखालीं गेलीं. अशा वर्षीं वाफसा उशिरां येतो व सगळें वेळापत्रक पुढें सरकतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. बागायती गहूं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत पेरावा. त्यास पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनीं, मुकुटमुळें फुटतांना, पाणी द्यावेंच लागतें. तें चुकलें तर फुटवे कमी होतात आणि पुढें कितीहि पाणी दिलें तरी ती तूट भरून निघत नाहीं. परंतु उगवण डोळ्यांनीं पाहिली आणि ह्या पाण्यास अजून अवकाश आहे, असे आठ-दहा दिवस मध्यें मिळतात. कपाशीची पहिली वेचणी तोंवर उरकलेली असते. प्रवासाचे सात दिवस ह्या फटींत बसवावे.

पंचांगाच्या दृष्टीनें पाहतां ही फट बहुधा कार्तिक वद्यांत येते. दिवाळी संपून गर्दी ओसरलेली, कार्तिकी एकादशीस पंढरपुरास गेलेलीं माणसें परतलेलीं, थंडी नुकती लागलेली. शाळेंत जाणारीं मुलें ज्यांचीं आहेत त्यांची मात्र अडचण होते, कारण सुटी दिवाळीची असते. त्यांनीं कार्तिक शुद्धांत जाऊन येऊन मग गव्हास हात घालावा. थोडा उशीर झाला तर उशिरां पेरावयाचें वाण घ्यावें. पण पेरणी अर्धवट टाकून निघूं नये.

घर कोणाच्या हवालीं करावें, हा दुसरा प्रश्न. दुभत्या जनावरांच्या धारा, पंपाची वीज रात्रीं येते कीं दिवसां, कापूस कोठें रचला आहे, हें सर्व जाणणारा एक माणूस मागें राहिलाच पाहिजे. आमच्याकडे हा माणूस म्हणजे बहुधा घरची बाई असते! पुरुष मित्रमंडळी घेऊन कोंकण पाहून येतात, आणि जिनें वेचणीच्या ओळींत कंबर मोडून घेतली ती गोठा सांभाळते. दोन भावांनीं किंवा दोन शेजाऱ्यांनीं पाळी लावून घ्यावी. एका वर्षीं एक घर जाईल, दुसऱ्या वर्षीं दुसरें. ज्या बेतांत घरच्या बायका नाहींत तो बेत आम्ही अपुरा समजतों.

आतां रस्ता. आमच्या मुलखाचा समुद्राशीं संबंध मोटारीनें जोडला असें कोणीं समजूं नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषेंतील सागरी वृत्तांतांत पैठणचा उल्लेख आहे; तेथून गोमेदासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास जात, आणि पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असें तो लेखक लिहितो. कल्याणकडे उतरणारी दुसरी वाट जुन्नरजवळच्या नाणेघाटांतून होती. तेथें सातवाहनांचा शिलालेख व दगडी रांजण आजहि उभे आहेत. म्हणून जातांना जुन्या वाटेनें जावें व येतांना नव्या, असा आमचा सल्ला आहे.

पहिल्या दिवशीं, पंचमीस, पहांटे निघून अहिल्यानगरवरून जुन्नर. अहिल्यानगर सुमारें ११५ किलोमीटर पडतें. ह्या दिवसांत त्या जिल्ह्यांतील कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो आणि उंसानें भरलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत रस्त्यानें जातात. पुष्कळांस मागें दिवा नसतो, चकाकती पट्टीहि नसते. अंधार पडल्यावर त्या वाटेनें मोटार हांकणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. आपणहि ऊंस वाहतों, तेव्हां हें आपल्या ट्रॉलीसहि लागू आहे. नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार व जुन्नरकडील द्राक्षांचे मळे वाटेंतच आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नाणेघाट पाहून पुण्याच्या बाजूनें ताम्हिणी घाट उतरावा व माणगांवास मुक्काम करावा. घाट ज्या गिअरमध्यें चढावा लागला असता त्याच गिअरमध्यें उतरावा. सपाटीवर गाडी हांकणारे आमचे लोक उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवतात. तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो.

तिसऱ्या दिवशीं दापोली. घाट उतरल्यापासून माती लाल झालेली दिसेल. ती जांभ्या दगडाची आहे. आमच्याकडे वर्षास सुमारें ७०० मिलीमीटर पाऊस पडतो, येथें ३,००० हून अधिक. तरीहि एप्रिल-मे महिन्यांत कोंकणांतील कित्येक वाड्यांच्या विहिरी आटतात. जांभा पाणी धरीत नाहीं, उतार तीव्र, आणि समुद्र पायाशीं. आमची काळी जमीन सातशे मिलीमीटरांवर ज्वारी पिकविते ती तिच्या ओल धरण्याच्या गुणावर, हें कोंकण पाहिल्यावरच नीट उमगतें. भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर तेथील शेतकरी वाल व कुळीथ घेतो. तो प्रकार आमच्या हरभऱ्याचाच भाऊ आहे.

दापोलीस डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठ आहे. आमचें परभणीचें विद्यापीठ व हें, दोन्ही १९७२ सालीं स्थापन झालीं. सुटीचा दिवस टाळून, अगोदर कळवून जावें. आंब्याचीं कोय कलमें कशीं बांधतात, काजूचे वेंगुर्ला जातीचे वाण कसे आहेत, हें पाहण्यांत एक संबंध दिवस जातो. नोव्हेंबरांत झाडास आंबा नसतो, म्हणून कित्येक हिरमुसले होतात. परंतु फळ बाजारांतहि दिसतें, मोहोरापूर्वींची मशागत येथेंच दिसते. एक सूचना मात्र करून ठेवतों. हापूसचीं कलमें मोटारींत भरून आणण्याचा मोह आवरावा. तें झाड त्या हवेचें आहे. आमच्या हवेस केशर मानवला आहे, आणि त्याचीं कलमें आमच्याच शहरांतील हिमायतबागेंतल्या फळ संशोधन केंद्रांत विचारावीं.

हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव वाळूवरच होतो, तो अवश्य पाहावा. जून-जुलै हे दोन महिने मासेमारीस बंदी असते, त्यामुळें शरदांत हा बाजार भरांत असतो. माल नाशवंत, भाव तेथल्या तेथें ठरणारा, आणि घेणारा विकणाऱ्याहून शहाणा! आमच्या मोंढ्याशीं तुलना करून पाहणाऱ्यास त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ सांपडेल.

समुद्राविषयीं आम्ही स्पष्ट बोलूं इच्छितों, कारण विहिरींत व तळ्यांत पोहणारा माणूस समुद्रास भीत नाहीं आणि तेथेंच फसतो. भरतीची वेळ काढण्याची कोंकणांतील रीत सोपी आहे: तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीस तीन वाजतां पूर्ण भरती, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां; दिवसां व रात्रीं दोन्ही वेळां, आणि मध्यें सुमारें सहा तासांनीं ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. आम्ही पंचमीस निघावयास सांगितलें तें ह्याचसाठीं. किनाऱ्यावरचे दिवस भांगाच्या आसपास येतात. तथापि भांग म्हणजे अभय नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हां तिथि कृष्ण अष्टमीच्याच सुमाराची होती. गुडघ्याच्या वर पाण्यांत जाऊं नये, आणि किनाऱ्यावरचा कोळी 'नको' म्हणाला तर त्याच्याशीं वाद घालूं नये.

पांचव्या दिवशीं वेसवीहून बाणकोटची खाडी ओलांडून बागमांडल्यास उतरावें. मोटार तरींत चढते. मुलांस ही मौज समुद्राहूनहि अधिक वाटते. तेथून हरिहरेश्वर व श्रीवर्धन. श्रीवर्धन हें पेशव्यांच्या घराण्याचें मूळ गांव म्हणून प्रसिद्ध आहे; शेतकऱ्यास तें रोठा सुपारीसाठीं ठाऊक असावें. नारळाच्या सावलींत सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, अशी एकावर एक चढलेली वाडी. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें ह्या वाड्या कांहीं तासांत आडव्या केल्या. आज्यानें लावलेलीं झाडें नातवानें करवतीनें कापून बाहेर काढलीं. सुपारीचें झाड धरावयास पांच-सात वर्षें लागतात. मधल्या वर्षांत त्या घरांनीं काय खाल्लें, कर्ज कसें फेडलें, पुन्हां तींच झाडें लावलीं कीं दुसरीं, आणि दाटी किती ठेवली, हें तेथील वाडीवाल्याच्या ओटीवर बसून विचारावें. आमच्याकडे २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व संभाजीनगरकडील मोसंबीच्या बागा जळाल्या, टँकरनेंहि वांचल्या नाहींत. ज्यांनीं ती सरपणाची मोळी पाहिली आहे त्यांस श्रीवर्धनकर परका वाटणार नाहीं. सात दिवसांतील एखादा दिवस कमी करावा लागला तर दुसरा कोणताहि करावा, श्रीवर्धनचा करूं नये.

सहाव्या दिवशीं दिघीहून तरीनें आगरदांडा, मग जंजिरा. भोंवतीं खारें पाणी आणि किल्ल्यांत गोड्या पाण्याचे तलाव, हें नवल पाहण्याजोगें आहे. जंजिऱ्याचे सिद्दी व आमचें शहर खडकी नांवानें १६१० सालीं वसविणारा, नहरीचें पाणी खेळविणारा मलिक अंबर, दोघेहि मूळ हबशी. 'मलिकंबरी धारा' हा शब्द जुन्या शेतकरी घराण्यांत अजून कानीं येतो. अलिबागेस मुक्काम करावा. तेथील पांढरा कांदा भातानंतरच्या खाचरांत लावतात. जवळच चरी हें गांव आहे. खोतांच्या जुलमाविरुद्ध तेथील कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या. आम्ही जमीन धारण करणारे. ती कसणारा सहा वर्षें कां थांबला, हें आम्हीं जाणून घेणें बरें.

सातव्या दिवशीं पेण-पनवेलवरून आमण्यास जाऊन समृद्धि महामार्ग धरावा. ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टळतो व संध्याकाळच्या आंत घर गांठतां येतें. निघण्यापूर्वीं टायरांत हवा किती आहे ती पाहावी, टायर जुने असल्यास प्रवासाआधींच बदलावे. सरळ रस्त्यावर चालकास डुलकी येते. दर दोन तासांनीं गाडी थांबवून खालीं उतरावें. सावंगी किंवा माळीवाड्यास उतरल्यावर थेट मळ्यावर जाऊन गव्हाची उगवण पाहावी. पेरून किती दिवस झाले ते मोजून पाण्याची पाळी त्याच रात्रीं ठरवितां येईल.