नेव्हिलचं गाव

मुंबईत दोन अनोळखी माणसं भेटली, की तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतोच : ‘गाव कुठलं तुमचं?’ घाटकोपरच्या आमच्या चाळीत या प्रश्नाला रत्नागिरी, सातारा, आझमगड अशी नाना उत्तरं होती. माझे अब्बा रत्नागिरीचे. तरुणपणी लोकलने व्हीटी गाठायची आणि चालत कूपरेजच्या मैदानावर जायचं, हा त्यांचा नेम. म्हातारपणीही त्यांच्या तोंडी एकच नाव असे, नेव्हिल डिसोझा.

‘‘कुठला हो हा?’’ मी विचारायचो.

‘‘आपल्या कोकणच्या खालच्या अंगाचा. गोव्याचा.’’

डिसोझा कुटुंबाचं मूळ बार्देशातल्या आसगावचं. पोटासाठी गोवेकर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आले. धोबीतलावला त्यांनी गावागावाच्या ‘कुडी’ काढल्या. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेलं बिऱ्हाड : भिंतीशी प्रत्येकाची पेटी, मध्ये देव्हारा. या गोवेकर मुंबईत फुटबॉल रुजला. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्सकडून खेळला. भाऊ डेरेकही भारताकडून खेळला.

1 डिसेंबर 1956. मेलबर्न ऑलिंपिकची उपान्त्यपूर्व फेरी. समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारताचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कप्तान बंगालचे समर बॅनर्जी. नेव्हिलने 9व्या आणि 33व्या मिनिटाला गोल केले, ऑस्ट्रेलियाने दोन्ही फेडले. मध्यंतराला 2-2. मग 50व्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा गोल! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत 4-2 ने जिंकला. उपान्त्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून आपण 1-4 हरलो. तो एक गोलही नेव्हिलचाच. भारत चौथा आला आणि स्पर्धेत सर्वाधिक, चार गोल करणाऱ्या तिघांत आपला नेव्हिल होता.

आता श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दिवशी आसगाव भारतात नव्हतं. तिथे पोर्तुगालचा झेंडा होता. 1955 साली भारत आणि पोर्तुगालचे संबंध तुटले, सीमा बंद झाली, रेल्वे थांबली. मुंबईच्या गोवेकराला स्वतःच्या घरी जाणं मुश्कील झालं. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर 1961 मध्ये. म्हणजे ज्याच्या वाडवडिलांचं गाव परक्या राज्यात, तो पोरगा भारतासाठी गोल करत होता आणि त्याला कुणी म्हटलं नाही, की तू इथला नव्हेस.

16 मार्च 1980 रोजी नेव्हिल गेला, अवघ्या 47व्या वर्षी. आज वांद्र्यात त्याच्या नावाचं फुटबॉल मैदान आहे.

कवितावाचनानंतर मला अजून कुणीतरी कौतुकाने विचारतं, ‘‘मराठी छान आहे हो तुमचं! मूळचे कुठले?’’ मी सांगतो, ‘‘रत्नागिरीचा. राहतो घाटकोपरला.’’ आणि मनात अब्बांचा नेव्हिल धावू लागतो. गाव पाठीशी असतं, चेंडू मात्र पुढे न्यायचा असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)