कानांची परीक्षा पडद्याआड

महागडा स्पीकर खरोखरच सुरेल वाजतो, की तसा वाटतो? ध्वनियंत्रणांच्या शौकिनांमधील हा वाद जुना आहे. एक पक्ष मोजमापांचे आकडे प्रमाण मानतो, तर दुसरा स्वतःचे कान.

या वादाचा उलगडा करण्यात डॉ. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांचा वाटा मोठा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ४० श्रोत्यांनी चार स्पीकर संचांना गुण दिले. एकदा संच पडद्याआड होते, एकदा डोळ्यांसमोर. आवाजाची पातळी समान राखली होती. कारण किंचित मोठा आवाजही अधिक चांगला भासतो. संच दिसू लागताच गुण बदलले. लहान आणि स्वस्त संचाची पसंती घसरली. फसवले होते ते डोळ्यांनी, कानांनी नव्हे.

पुढे २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे गणित मांडले. पडद्याआडच्या पसंतीशी त्याचा सहसंबंध ०.८६ इतका आढळला. अर्थात, त्यासाठी स्पीकरचा आवाज अनेक दिशांनी मोजावा लागतो. माहितीपत्रकातील वॅटचा आकडा पुरेसा नसतो. शिवाय खर्जाच्या स्वरांवर खोलीचा परिणाम इतका असतो, की दुकानात ऐकलेला स्पीकर घरी वेगळा वाजू शकतो.

म्हणूनच खरेदीपूर्वी मोजमापे पाहावीत, आवाजाची पातळी सारखी ठेवून तुलना करावी आणि शक्य असल्यास घरीच ऐकून पाहावे. किमतीची चिठ्ठी मात्र शेवटी वाचावी.