आधी ऐकून घ्यावे

मूल गप्प झाले की आम्ही शिक्षक उपदेशाला उभे राहतो, सवयच ती! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात याच्या उलट वाट दाखविली. दुखते कोठे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून बोलण्याची दिशा त्यानेच ठरवावी, समुपदेशकाने निवाडा न देता मनापासून ऐकावे. ‘शाळेत यावेसे वाटत नाही,’ असे मुलगा म्हणाला, तर ‘का?’ म्हणून दरडावायचे नाही. ‘इथे येणे जड जाते आहे तर,’ एवढे बोलून थांबायचे. ते थांबणेच कठीण.

लंडनच्या १८ शाळांतील मनाने त्रासलेल्या, १३ ते १६ वर्षांच्या ३२९ मुलामुलींवर ही रीत पारखण्यात आली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्यांना आठवड्यास एक, अशा दहापर्यंत बैठका दिल्या. इतरांना केवळ शाळेची नेहमीची देखभाल. पहिल्यांचा मनस्ताप अधिक उतरला. थोडाच, हे लपविण्यात अर्थ नाही, खर्चही वाढला. शिवाय जिवाला धोका दिसला तर नुसते ऐकून भागत नाही, डॉक्टरांकडे न्यावेच लागते.

आमच्या वर्गातील एका मुलीला आम्ही वर्षभर सल्ले दिले. एकदा घसा बसला म्हणून गप्प राहिलो, त्या दिवशी ती प्रथम बोलली.