माजावरच्या हरणाचं मांस : खावं की सोडावं?

सप्टेंबर सरत आला की स्कॉटलंडच्या डोंगरात तांबड्या हरणांचे नर घसा ताणून ओरडू लागतात. नोव्हेंबर उजाडेपर्यंत हा त्यांच्या माजाचा काळ. शिकारीचे दिवसही त्यालाच लागून येतात, त्यामुळे प्रश्न पडतोच : अशा नराचं मांस खाण्याजोगं असतं का? अंडील बोकड टाळून खच्ची केलेल्या बोकडाचं मटण मागून घेणाऱ्या आपल्या माणसांना या प्रश्नाचं मर्म वेगळं सांगायला नको.

उत्तर आधीच सांगतो. स्वच्छ हाताळलं तर हे मांस खाता येतं. मात्र ते त्या जनावराचं सर्वांत चांगलं मांस नव्हे, आणि निवड हाती असेल तर थोडं आधीचं जनावर घ्यावं.

माजात शरीराचं काय होतं

तांबडं हरीण हे आपल्या सांबराचं नातलग. नर उन्हाळाभर चरतात आणि ऑगस्टपर्यंत त्यांच्या पाठीवर, पुठ्ठ्यावर चरबी चढते. माज आला की टेस्टोस्टेरॉन वाढतं, मान जाड होते, आयाळ दाट होते. माद्यांचा घोळका राखायचा आणि दुसऱ्या नरांना पिटाळून लावायचं, या धावपळीत चरणं जवळजवळ बंद पडतं. काही आठवड्यांत नराचं वजन सहाव्या-पाचव्या हिश्शाने घटू शकतं. उन्हाळ्यात जमवलेली चरबी अशी खर्ची पडते.

वास येतो कुठून

माजावरचा नर स्वतःच्या पोटावर मूत्राच्या चिळकांड्या उडवतो आणि दलदलीतल्या काळ्या चिखलात लोळतो. जवळून पाहिलं तर पोटाखालचे केस चिकटून काळे पडलेले असतात आणि मानेची आयाळ चिखलाने थबथबलेली दिसते. डोळ्यांजवळच्या आणि मागच्या पायांवरच्या ग्रंथींचा दर्प वेगळाच. म्हणजे वासाचा मोठा वाटा कातडीवर असतो. सोलताना केसांना लागलेला हात किंवा सुरी मांसाला लागली, की तो आत उतरतो.

उरलेला वास चरबीत मुरलेला असतो. बोकडाच्या उग्र वासामागे चरबीतली काही विशिष्ट आम्लं असतात. हरणाच्या बाबतीतही अनुभवी खाटीक पहिल्यांदा चरबीच काढून टाकतात.

मांस काळपट आणि चिकट का होतं

स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते. जनावर मेल्यावर तिचं लॅक्टिक आम्ल बनतं आणि मांसाचा पीएच सुमारे ५.५ पर्यंत उतरतो. हे आम्लच मांसाला चांगला रंग देतं आणि टिकवतं. उपाशी, झुंजून दमलेल्या नरात ही शिल्लक आधीच संपलेली असू शकते. मग पीएच ६ च्या वरच राहतो, मांस गडद आणि चिकट होतं आणि लवकर बिघडतं. असं मांस मुरवण्यासाठी फार दिवस टांगून ठेवू नये.

जुन्या शिकाऱ्यांचा हिशोब

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या नरांच्या शिकारीचा हंगाम २४ जूनच्या सुमारास सुरू होऊन १४ सप्टेंबरच्या आसपास संपत असे. त्याला चरबीचा काळ म्हणत. पीएचचं नावही ठाऊक नसताना त्यांनी माजाच्या आधीचीच वेळ धरली होती. स्कॉटलंडमध्ये नरांची शिकार दीर्घकाळ १ जुलै ते २० ऑक्टोबर अशी चाले. २०२३ मध्ये नरांसाठीचा बंदीकाळ उठवला गेला. तिथे लांडगे उरलेले नाहीत आणि वाढलेले कळप कोवळी झाडं ओरबाडतात, म्हणून संख्या आटोक्यात ठेवणं भाग आहे. म्हणूनच, मारलेलं जनावर वाया जाऊ न देणं ही जबाबदारी ठरते.

हाताळणी आणि स्वयंपाक

- जनावर पडल्यावर लगेच आतडी काढावीत आणि मांस ७ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याखाली थंड करावं.
- केसांना लागलेली सुरी धुतल्याशिवाय मांसाला लावू नये. ग्रंथी कापू नयेत.
- पांढरी चरबी आणि पापुद्रे निगुतीने काढावेत.
- आधी नखाएवढा तुकडा तव्यावर परतून वास घ्यावा. दर्प भपकन नाकात गेला, तर भाजायचे मोठे तुकडे करण्याचा बेत सोडावा.
- अशा मांसाचा खिमा किंवा सॉसेज करावं, नाहीतर आलं-लसूण, दही आणि गरम मसाला लावून मंद आचेवर बराच वेळ शिजवावं.

चव हवी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरचा नर किंवा माजानंतरच्या हंगामातली मादी निवडावी. परदेशातल्या मराठी घरांना पाळीव हरणाचं मांसही मिळू शकतं. न्यूझीलंड त्याचा मोठा निर्यातदार आहे आणि तिथे हरणं साधारणपणे कोवळ्या वयातच कापली जातात.

भारतात मात्र हा प्रश्न उद्भवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार आणि त्यांच्या मांसाची विक्री हा गुन्हा आहे. कुणी गुपचूप असं मांस देऊ केलं, तर ते घेऊ नका आणि वनखात्याला कळवा.