इंग्रजीतील ‘प्रेझेंट परफेक्ट’ आणि मराठीतील पूर्ण वर्तमानकाळ

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वह्या तपासताना एक चूक वारंवार आढळते. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ असे वाक्य विद्यार्थी लिहितो. शिक्षक ‘हॅव सीन’ खोडून ‘सॉ’ करतात. आणि काही दिवसांनी तशाच घडणीचे वाक्य पुन्हा वहीत अवतरते. ही चूक केवळ निष्काळजीपणाची असती, तर ती अशी एकाच जागी ठाण मांडून बसली नसती. तिचे मूळ मराठीच्या काळव्यवस्थेत आहे, आणि काही अंशी आपल्या अध्यापनपद्धतीतही आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो, आणि प्राथमिक वर्गांत मराठी व इंग्रजी हे दोन्ही विषय पुष्कळदा एकाच शिक्षकाकडे असतात. त्यामुळे हा भेद शिक्षकाला स्वतःला स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

प्रथम नावाचा विचार करू. ‘मी पत्र लिहिले आहे’ या रूपास मराठी व्याकरणात पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. ‘आय हॅव रिटन’ या इंग्रजी रूपासही मराठीतून शिकविताना आपण हेच नाव देतो. नाव एक, आणि घडणही वरवर सारखीच: एक कृदन्त व त्यास जोडलेले वर्तमानकाळी साहाय्यक क्रियापद. यावरून दोहोंचा उपयोगही एकच असला पाहिजे, असे विद्यार्थी गृहीत धरतो. परंतु ‘मी ते पत्र कालच टाकले आहे’, ‘ते गेल्या वर्षीच निवृत्त झाले आहेत’ ही वाक्ये मराठीत सर्वथा शुद्ध होत. घटना पूर्ण झाली असून तिचा आजच्या बोलण्याशी संबंध आहे, एवढे ‘आहे’ म्हणावयास पुरते. ती केव्हा घडली हे सांगितल्याने काही बिघडत नाही.

इंग्रजीची अट याहून कडक आहे. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट इयर’, ‘टू डेज अगो’, ‘इन १९४७’ असा वर्तमानापासून तुटलेला काळ वाक्यात क्रियेची वेळ म्हणून आला, की तेथे ‘हॅव’ चालत नाही. पाहुण्याला येण्याची वेळ विचारताना ‘व्हेन हॅव यू कम?’ म्हणणे याच कारणाने अशुद्ध ठरते. ‘व्हेन डिड यू कम?’ असेच म्हटले पाहिजे.

या रूपाचा इतिहास येथे थोडा उपयोगी पडतो. जुन्या इंग्रजीत ‘हॅव’चा मूळ अर्थ जवळ असणे हा होता. ‘मी मासा पकडला आहे’ या अर्थाच्या वाक्यरचनेचा मूळचा भाव ‘माझ्याजवळ पकडलेला मासा आहे’ असा होता; म्हणजे विधान होते ते आजच्या स्थितीविषयी. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या १९२४ सालच्या ग्रंथात हे रूप वर्तमानकाळाचाच एक प्रकार मानले आहे. तथापि केवळ व्युत्पत्तीने प्रश्न सुटत नाही. जर्मन व फ्रेंच भाषांतही अशाच घडणीचे रूप आहे, आणि त्या भाषांत ते ‘काल’ या अर्थाच्या शब्दाबरोबर खुशाल वापरतात. म्हणून आपल्या विद्यार्थ्याची चूक तर्कदुष्ट नव्हे. इंग्रजीचा हा विशिष्ट संकेत आहे, आणि तो संकेत म्हणूनच शिकविला पाहिजे.

हा संकेत समजावून देण्यास एक कसोटी पुरेशी आहे: वाक्यात अभिप्रेत असलेला कालखंड बोलण्याच्या क्षणापर्यंत चालू आहे की संपला आहे? ‘आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग’ हे वाक्य सकाळ चालू असेतोवर योग्य. सायंकाळी मात्र ‘आय सॉ हिम धिस मॉर्निंग’ म्हणावयाचे. ‘टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत तेथे ‘रोट’ हवे, कारण मंडालेचा तो काळ संपलेला आहे. उलट, ‘शेक्सपिअरने जगाला थोर नाटके दिली आहेत’ अशा वाक्यात ‘हॅज गिव्हन’ शोभते. तेथे लेखनाची वेळ अभिप्रेत नसून आजही टिकून असलेला ठेवा अभिप्रेत आहे.

याच कसोटीने आणखी दोन नेहमीच्या चुका उलगडतात. पहिली, ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’ ही. ‘मी दोन तासांपासून वाट पाहत आहे’ या मराठी वाक्यात अपूर्ण वर्तमानकाळ आहे. इंग्रजीला मात्र मागून चालत आलेला कालखंड क्रियापदात दाखवावा लागतो, म्हणून ‘हॅव बीन वेटिंग’. शिवाय आपला ‘पासून’ हा प्रत्यय ‘सकाळपासून’ व ‘दोन तासांपासून’ अशा दोन्ही ठिकाणी चालतो. इंग्रजीत आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ व कालावधीसाठी ‘फॉर’ असे दोन शब्द आहेत. दुसरी चूक ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे’ ही. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ असे मराठीत सहज म्हणतात. परंतु इंग्रजी ‘हॅड’ला भूतकाळातीलच दुसरा एखादा क्षण समोर लागतो, ज्याच्या आधी ही क्रिया घडली. तसा क्षण संदर्भातही नसेल, तर ‘वेंट’ पुरे.

वह्या तपासताना एक सावधगिरी बाळगावी. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर ब्रिटिश लेखक बहुधा ‘हॅव’ वापरतात. अमेरिकन बोलण्यात मात्र ‘डिड यू ईट येट?’ सर्रास ऐकू येते. हा दोन शिष्टसंमत प्रघातांतील भेद आहे. त्याला अशुद्ध ठरवून गुण कापणे अन्यायाचे होईल.

आता अध्यापनाविषयी. ‘खालील वाक्यांचा काळ बदला’ हा प्रश्नप्रकार आपल्या सरावात रुळलेला आहे. त्यातील वाक्ये बहुधा कालवाचक शब्दांवाचून असतात. विद्यार्थी ‘रोट’चे ‘हॅज रिटन’ बिनचूक करतो आणि पूर्ण गुणही मिळवितो. पण कोणते रूप केव्हा वापरावे, या मूळ प्रश्नाशी त्याची गाठच पडत नाही. त्याऐवजी कालवाचक शब्द देऊन क्रियापदाची जागा रिकामी ठेवावी, किंवा एकच मराठी वाक्य ‘काल’सह व ‘काल’वाचून असे दोनदा भाषांतरास द्यावे. ‘मी त्याला पाहिले आहे’ आणि ‘मी त्याला काल पाहिले आहे’ ही जोडी फळ्यावर एकाखाली एक लिहिली, म्हणजे मराठीत क्रियापद तेच राहते आणि इंग्रजीत बदलते, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते. स्वतःची भाषा येथे कसे वागते हे एकदा उमगले, म्हणजे परकी भाषा निराळी का वागते हे विचारण्याची बुद्धी त्याला होते. नुसत्या तांबड्या शाईच्या रेघेने हे साधत नाही.